हमरस्त्याकाठचे घर : बयाणा देण्यापूर्वी काय पाहावे?

आपला व्यापारी बांधव दुकान घेताना दहा वेळा विचार करतो. समोरून किती गिऱ्हाईक जाते, टेम्पो कुठे उभा राहील, पावसाळ्यात पाणी शिरते का, गाळ्याचा मालक कोण, भाडेपावती कोणाच्या नावाची, हे सारे तो आठ-पंधरा दिवस खपून तपासतो. तोच माणूस राहते घर घेताना मात्र एका रविवारी दलालाबरोबर जातो, रुंद रस्ता आणि रंगवलेली इमारत पाहतो, 'स्टेशन दहा मिनिटांवर आहे' एवढे ऐकतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. दुकानात चूक झाली तर दुसऱ्या हंगामात भरून काढता येते. घरात मात्र माणसाची आयुष्याची कमाई, बायकोचे दागिने आणि भावांकडून घेतलेली उसनवारी अडकलेली असते. तेथली चूक सहजासहजी भरून येत नाही.

शहरातील वर्दळीच्या, सर्व बाजूंनी जोडलेल्या रस्त्यालगत घर घ्यावे काय, आणि घ्यायचे तर काय पाहून घ्यावे, याचा येथे विचार करू. उदाहरणासाठी मुंबईचा लालबहादूर शास्त्री मार्ग घेतला आहे. या रस्त्याच्या आसपास आपले हजारो कारागीर आणि व्यापारी राहतात व व्यवसाय करतात. भिवंडी, मुंब्रा, पुणे, सोलापूर किंवा औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील वाचकांनाही यातील बहुतेक गोष्टी आपापल्या रस्त्याला लावून पाहता येतील.

रस्त्याची ओळख

जुनी माणसे या मार्गाला आजही 'आग्रा रोड' म्हणतात. शीवपासून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असा तो ठाण्यापर्यंत जातो. मध्य रेल्वेचे रूळ त्याला जवळजवळ समांतर आहेत, आणि रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्ग आहे. म्हणजे उत्तर-दक्षिण जाण्यासाठी रेल्वे, हा मार्ग आणि महामार्ग असे तीन पर्याय एकाच पट्ट्यात मिळतात.

या रस्त्याचे खरे मोल त्याला आडवे मिळणाऱ्या रस्त्यांमुळे वाढले. कुर्ल्याला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ साली सुरू झाला. घाटकोपरहून अंधेरीकडे जोडरस्ता आहे आणि वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रोही २०१४ पासून धावते आहे. पवई व जोगेश्वरीकडे जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता याच पट्ट्यात मिळतो. पुढे गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आहे. विक्रोळीचा रेल्वेवरील पूल जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे हा मार्ग आणि महामार्ग यांच्यातील फेरा वाचला. वडाळा-घाटकोपर-ठाणे-कासारवडवली ही मेट्रो-४ ची मार्गिका तर मोठ्या अंतरापर्यंत याच रस्त्याच्या मध्यावरून आखलेली आहे.

एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते. ते एकेक करून बंद पडले किंवा शहराबाहेर गेले, आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आल्या. जुन्या चाळी, झोपडपट्ट्या आणि लहान कारखाने मात्र अजूनही जागोजागी आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, कायद्याच्या दृष्टीने चार वेगवेगळ्या प्रकारची घरे विकायला असतात. घेणाऱ्याची पहिली गल्लत येथेच होते.

आपण नेमके काय विकत घेत आहोत?

पहिला प्रकार मालकी हक्काच्या सदनिकेचा, म्हणजे नोंदणीकृत सोसायटीतील किंवा नव्या इमारतीतील घराचा. यात करारनामा नोंदला जातो आणि सोसायटीचे भागपत्र आपल्या नावावर होते.

दुसरा प्रकार पगडीचा. पगडीचे घर स्वस्त पडते, कारण त्यात मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार पगडी देणे-घेणे बेकायदा नाही. पण घरमालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती नसेल तर जुन्या भाडेकरूला दिलेला पैसा वाऱ्यावर गेला असे समजावे. मालकाचा हिस्सा किती, हे बयाण्याआधी ठरवून घ्यावे.

तिसरा प्रकार झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीतील घराचा. हे घर मूळ झोपडीधारकाला मिळालेले असते आणि ठरावीक वर्षे त्याला ते विकता येत नाही. मुदत संपल्यावरही प्राधिकरणाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. 'मुखत्यारपत्र करून देतो, नंतर नावावर करू' असे सांगून ही घरे विकली जातात. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. मूळ मालक वारला तर ते मुखत्यारपत्रही सामान्यतः संपते आणि दाराशी त्याचे वारस उभे राहतात.

चौथा प्रकार फोटोपासच्या झोपडीचा किंवा गाळ्याचा. येथे मोठा सौदा भविष्यातील पुनर्वसनाच्या आशेचा असतो. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकाला मोफत पुनर्वसनाची, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशाला सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. विकणाऱ्याचे पुरावे त्याच्या नावाचे असतात, आपल्या नावाचे नसतात, ही गोष्ट ध्यानात ठेवून मगच किंमत ठरवावी.

दलालाला पहिला प्रश्न 'भाव काय?' असा करू नये. 'यातला प्रकार कोणता?' असा करावा. भावाची तुलना त्यानंतरच करता येते.

रस्ता रुंद होणार आहे काय?

हमरस्त्यालगतच्या मालमत्तेला आतल्या गल्लीतल्या घराला नसलेला एक धोका असतो. तो म्हणजे रस्तारुंदीचा. महापालिका प्रत्येक मोठ्या रस्त्याची एक रेषा ठरवते. आज रस्ता अरुंद दिसत असला तरी कागदावरील रेषा आपल्या इमारतीच्या जिन्यातून किंवा पुढच्या खोलीतून गेलेली असू शकते. इमारत जुनी असताना काही होत नाही. पण रुंदीकरण निघाले किंवा पुनर्विकास झाला की तेवढी जमीन सोडावी लागते.

हे कळायला फार खटाटोप करावा लागत नाही. जमिनीचा नगर भूमापन क्रमांक, ज्याला आपण सिटीएस नंबर म्हणतो, तो विकणाऱ्याकडून घ्यावा. त्यावर महापालिकेकडून विकास आराखड्याचा शेरा, म्हणजे डीपी रिमार्क, मागवता येतो. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ सालापर्यंतचा असून तो २०१८ मध्ये मंजूर झाला. जमिनीवर शाळा, मैदान, बाजार असे कसले आरक्षण आहे काय आणि रस्त्याची रेषा कुठून जाते, हे त्या शेऱ्यात दिसते. जरूर पडल्यास भूमापकाकडून जागेवर रेषा आखून घ्यावी. घराच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

रस्त्यावर पूल किंवा मेट्रो येणार असेल तर आपले घर कितव्या मजल्यावर आहे हेही पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर पुलाचा कठडा आला की उजेड जातो, धूळ येते आणि खिडकी कायमची बंद ठेवावी लागते. याच मार्गावर कुर्ल्याच्या कल्पना सिनेमापासून घाटकोपरच्या पंखेशाह दर्ग्यापर्यंत उड्डाणपुलाची योजना महापालिकेने मांडलेली आहे. मेट्रो आली की स्टेशनाजवळ भाव वाढतात हे खरे. पण काम चालू असताना काही वर्षे रस्ता खणलेला, दुकानापुढची जागा अडलेली आणि वाहतूक कोंडलेली असते, हेही तितकेच खरे. उद्याची सोय पाहून आज किती किंमत द्यायची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

रस्त्यावर की रस्त्याजवळ?

'रस्त्यावरचे घर' आणि 'रस्त्याजवळचे घर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापाऱ्याला दुकान रस्त्यावर हवे, पण राहायला घर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत असेल तर बहुधा सुख जास्त मिळते. बस, रिक्षा, मेट्रो तीन-चार मिनिटांच्या चालीवर राहतात, आणि आवाज, धूर व हॉर्न मागे पडतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. व्यापारी भागासाठी ती दिवसा ६५ आणि रात्री ५५ आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. वर्दळीच्या रस्त्याच्या तोंडावर ही मर्यादा पाळली जाते काय, हे कानांनाच कळते. म्हणून घर तीन वेळा पाहावे. एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री अकरानंतर. रविवारी दुपारी दलाल दाखवतो तो रस्ता आणि सोमवारी संध्याकाळचा रस्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'स्टेशन दहा मिनिटांवर' हे वाक्यही घड्याळ लावून, पायी, गर्दीच्या वेळी तपासावे. घरातल्या वृद्ध आईला किंवा लहान मुलाला तेवढाच वेळ लागणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

मुले शाळेत किंवा मदरशात जाताना हमरस्ता ओलांडणार आहेत काय, हा प्रश्न घरातल्या बायका आधी विचारतात आणि तो योग्यच असतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत शिरून कित्येक माणसे दगावली. फुटपाथ दुकानांनी आणि गाड्यांनी अडलेला असेल तर माणसाला रस्त्यावरूनच चालावे लागते. शाळा, दवाखाना, मशीद आणि बाजार रस्त्याच्या आपल्याच बाजूला असतील, तर त्यासाठी थोडी जास्त किंमत मोजणे शहाणपणाचे ठरते.

पाणी कुठपर्यंत चढते?

मुंबईत घर घेणाऱ्याने २६ जुलै २००५ विसरू नये. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ल्याजवळून वाहते आणि त्या दिवशी कुर्ल्याच्या सखल वस्त्या बुडाल्या. कारखान्यांतील यंत्रे, कापडाचे तागे आणि हिशेबाच्या वह्या चिखलात गेल्या. पुढेही मोठ्या पावसात क्रांतीनगर आणि शीतल सिनेमाच्या आसपासच्या सखल भागात पाणी भरत राहिले आहे.

यासाठी नकाशा लागत नाही. तळमजल्यावरील जुन्या दुकानदाराला विचारावे, '२००५ ला पाणी कुठवर आले होते? त्यानंतर किती वेळा आले?' तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप त्या खुणेच्या वर आहेत की खाली, हे पाहावे. तळमजल्यावर माल साठवायचा असेल तर ही खूण म्हणजेच आपल्या मालाचा विमा समजावा.

तळमजल्याची दुकाने

हमरस्त्याच्या इमारतीत खाली दुकाने आणि वर घरे असतात. आपल्यापैकी अनेकांना खाली दुकान आणि वर घर हीच सोय हवी असते. सोय चांगली आहे, पण खालच्या गाळ्यात काय चालते ते आधी पाहावे. हॉटेलची भट्टी, गॅसच्या टाक्या, रसायने, फोमचा साठा किंवा वेल्डिंग असेल तर वरच्या घरातील माणसे रोज जोखमीवर झोपतात.

याहून मोठा धोका तोडफोडीचा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क भागातील एक निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली इमारतीच्या सांगाड्याला धक्का लावल्याचा आरोप झाला. त्यामुळे जुन्या इमारतीत घर घेताना खालच्या गाळ्यांत जाऊन पाहावे. कुठे खांब तोडून जागा मोठी केली आहे काय, पोटमाळा टाकला आहे काय, तुळईला तडे आहेत काय, हे बघावे. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. आपण स्वतः दुकानदार असू तर हाच नियम आपल्यालाही लागू आहे. चार फूट जागा वाढवण्यासाठी खांबाला हात लावणारा माणूस आपल्या आणि वरच्या घरांच्या जिवाशी खेळतो.

घरातच शिवणकाम, जरीकाम, बॅगा किंवा दागिने घडवण्याचे काम करायचे असेल तर सोसायटीची परवानगी आणि विजेचा योग्य वापरगट आधी विचारावा. घरगुती मीटरवर यंत्रे चालवली तर वीज कंपनीची दंडाची नोटीस येऊ शकते. शेजाऱ्यांशी वाद होतो तो वेगळाच.

पार्किंगबद्दलही दलाल मोकळेपणाने बोलतो. इमारतीभोवतीची मोकळी जागा पार्किंग म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खांबांखालच्या पार्किंगबद्दलही हाच निर्णय दिला. टेम्पो किंवा रिक्षा चालवणाऱ्या बांधवांनी तोंडी आश्वासनावर यासाठी पैसे देऊ नयेत.

कर्ज न घेणाऱ्याने वकील करावाच

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्यातील पुष्कळ लोक व्याजाचे कर्ज घेत नाहीत. बचत, भिशी, गावाकडची जमीन, दागिने आणि नातेवाइकांची मदत यावर घर घेतात. डोक्यावर हप्ता नाही ही गोष्ट चांगलीच आहे. पण यात एक सूक्ष्म उणीव राहते. बँक कर्ज देते तेव्हा स्वतःचा पैसा बुडू नये म्हणून ती वकिलाकडून मालमत्तेचे कागद तपासून घेते, आणि त्या तपासणीचा फायदा आपोआप ग्राहकालाही मिळतो. कर्ज न घेणाऱ्यामागे असा कोणी उभा नसतो. म्हणून जो कर्ज घेत नाही त्याने वकील केलाच पाहिजे. बँकेने जे तपासले असते ते सारे त्याने आपल्या खर्चाने तपासून घ्यावे. बिल्डरचा वकील हा आपला वकील नव्हे.

दुसरी अडचण निवडीची. काही इमारतींत आपल्या लोकांना घर नाकारले जाते, हे कटू सत्य आहे. मग सगळे ठरावीक वस्त्यांतच घर शोधतात. मागणी जास्त आणि घरे कमी, असे झाले की 'उद्या दुसरा घेईल' असा धाक दाखवून बयाणा काढला जातो आणि कागद पाहायचे राहून जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. अशा इमारतींत गरजवंत माणूस स्वस्त पडते म्हणून राहायला जातो. निवड कमी असलेल्या माणसानेच कागद जास्त बारकाईने पाहावेत, कारण फसला तर त्याला जायला दुसरी जागा नसते.

वकिलाकडून पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात. जमिनीचे मालमत्ता पत्रक, मागील तीस वर्षांचा दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ओसी नसलेल्या इमारतीत महापालिकेच्या लेखी राहण्याचीच परवानगी नसते. पाण्याचा दर जास्त पडतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मागे हटते. जुन्या सोसायटीत आणखी एक प्रश्न विचारावा. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झाले आहे काय? ते नसेल तर जमीन अजून जुन्या मालकाचीच आहे, आणि पुनर्विकासाच्या वेळी तो हिस्सा मागायला येतो. अशा सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज केला आहे काय, हे विचारावे.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीसाठी स्थावर संपदा कायदा, २०१६ मोठा आधार आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक टाकला की मंजुऱ्या, मुदत, कोर्टकज्जे आणि किती घरे विकली हे महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. ज्याला हे जमत नाही त्याने घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला पाहायला सांगावे. या कायद्यातील सर्वांत उपयोगी तरतूद अशी की करारनामा नोंदल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हप्त्याहप्त्याने साध्या पावतीवर चाळीस-पन्नास टक्के देऊन बसणारे बांधव आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. मुदतीत ताबा मिळाला नाही तर ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली रक्कम परत मागण्याचा हक्क आहे. आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

पैशाचा हिशेब

दलाल सांगतो ते क्षेत्रफळ आणि पायाखाली येणारे क्षेत्रफळ वेगळे असते. ६५० चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घरात ४० टक्के बोजा धरलेला असेल तर प्रत्यक्ष चटई क्षेत्र सुमारे ४६४ फूट भरते. करारात चटई क्षेत्रच लिहून घ्यावे आणि भावाची तुलना त्यावरच करावी.

किमतीवर वरचा खर्च किती येतो तेही पाहू. समजा मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील घर ८० लाखांना ठरले. मुद्रांक शुल्क व मेट्रो अधिभार मिळून ६ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. वस्तू व सेवा कर ५ टक्के म्हणजे ४ लाख. एकूण वरखर्च ९ लाख १० हजार झाला. ओसी मिळालेल्या इमारतीत हा ५ टक्के कर लागत नाही, म्हणजे चार लाख वाचतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरील घरात ती ८० हजारांची झाली. मुद्रांक करारातील किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतो. व्यवहाराच्या दिवशीचे दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावेत. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का आयकर घेणाऱ्याने कापून सरकारात भरायचा असतो.

रोखीचा मोह टाळावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोख दिलेला पैसा करारात दिसत नाही. सौदा मोडला तर तो मागायला पुरावा राहत नाही.

शेवटी नावाचा प्रश्न. तीन भावांनी पैसा घालायचा आणि घर एकाच्या नावावर घ्यायचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. बेनामी व्यवहार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन तो कडक झाला. भावाबहिणींच्या नावे घेताना पैसा देणाऱ्याचे नावही करारात सहमालक म्हणून असावे, हे त्यात अपेक्षित आहे. म्हणून ज्याने पैसा दिला त्याचे नाव आणि हिस्सा करारात लिहावा, आणि उसना पैसा असेल तर उसना म्हणून चिठ्ठी करावी. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे वाटणी झाली, असेही कोणी समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती वारसांची जागा घेत नाही. भावाभावांत आज गोडी आहे, तेव्हाच हे लिहून टाकणे सोपे जाते.

थोडक्यात

वर्दळीच्या रस्त्याजवळ घर असणे व्यापारी-कारागिराला फायद्याचेच आहे. रोजचा एक तास वाचला तर महिन्याला पंचवीस-तीस तास हाती येतात, आणि कारागिराचा तास म्हणजे रोकड. पण रस्त्याची सोय प्रत्येकाला दिसते आणि विकणारा तिची पुरेपूर किंमत लावतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते घेणाऱ्यालाच शोधावे लागते. हक्काचा प्रकार, रस्त्याची रेषा, पाण्याची खूण, इमारतीचा सांगाडा आणि ओसी, एवढ्या पाच गोष्टी बयाण्यापूर्वी पाहाव्यात. यांपैकी एकीचेही उत्तर मिळत नसेल तर घर कितीही मनात भरले तरी हात आखडता घ्यावा. एक सौदा हातचा गेला तर दुसरे घर मिळेल. एकदा बुडालेली जन्माची पुंजी पुन्हा उभी करायला मात्र दुसरे आयुष्य मिळत नाही.